झर्कोनियम-तांब्याच्या धातुकाचेत टीसी वाढतं, निओबियम-जर्मेनियममध्ये कोसळतं: असं का, आणि त्यावरून इलेक्ट्रॉनांबद्दल काय कळतं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. झर्कोनियम ७०, तांबं ३० (अणूंच्या टक्क्यांत) या मिश्रधातूची मेल्ट-स्पिनिंगने (वितळलेला धातू फिरत्या चाकावर सोडून झटकन गोठवून) धातुकाचेची, म्हणजे अणूंची स्फटिकी मांडणी नसलेल्या धातूची, रिबन काढली. तिचा रोध २.७ केल्विनच्या आसपास शून्यावर आला, पण उताराच्या तळाशी एक शेपूट राहिलं, म्हणजे शेवटचा थोडा रोध सावकाश गेला. शुद्ध स्फटिकी झर्कोनियमचं टीसी (अतिवाहकता सुरू होते ते तापमान) जेमतेम ०.५५ केल्विन, म्हणजे अव्यवस्थेने ते पाचपट झालं. उलट निओबियम-३-जर्मेनियम स्फटिकरूपात २३ केल्विनला अतिवाहक होतं आणि त्याचीच अस्फटिक फिल्म ४ केल्विनच्या आसपास. मग अव्यवस्था अतिवाहकतेला पोषक की मारक? शिवाय विशिष्ट उष्णतेतून गॅमा (तिच्यातल्या इलेक्ट्रॉनांच्या वाट्याचा गुणांक) ४.५ मिलिज्यूल प्रति मोल प्रति केल्विन वर्ग आला, त्यावरून फर्मी पातळीवरची (इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या ऊर्जांच्या वरच्या काठावरची) अवस्था-घनता, म्हणजे तिथे इलेक्ट्रॉनांना किती जागा आहेत ती, १.९ निघाली, आणि डीएफटी (संगणकावरची क्वांटम गणना) १.२ सांगतंय (दोन्ही प्रति इलेक्ट्रॉन-व्होल्ट प्रति अणू). यातलं खरं कोणतं?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे आणि बाकीचं त्यावर उभं आहे. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त ते एकाच राशीचे नाहीत. विशिष्ट उष्णता मोजते ती फोनॉनांचं (जाळीच्या कंपनांचं) ओझं घेऊन फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांची घनता. डीएफटी देतं ती नुसत्या इलेक्ट्रॉनांची. दोघांत (१ + लॅम्डा) एवढा गुणक असतो. लॅम्डा म्हणजे इलेक्ट्रॉन-फोनॉन जोडणीची ताकद. १.९ भागिले १.२ म्हणजे सुमारे १.६, म्हणून लॅम्डा ०.६ असायला हवा. हाच आकडा टीसीवरून स्वतंत्रपणे येतो का, ते पाहू.

लॅम्डावरून टीसी देणारं मॅकमिलनचं सूत्र उलटं फिरवलं की लॅम्डा मिळतो. आधी डिबाय तापमानाला (जाळी किती ताठ आहे ते सांगणाऱ्या तापमानाला) (१.४५ × टीसी) ने भागा आणि त्याचा नैसर्गिक लॉग घ्या. मग लॅम्डा = (१.०४ + ०.१३ × लॉग) ÷ (०.९१९ × लॉग − १.०४). यात ०.१३ हे इलेक्ट्रॉनांमधल्या कूलोम प्रतिकर्षणाचं रूढ मूल्य, म्यू-स्टार. टीसी २.७ आणि डिबाय तापमान २०० केल्विन धरलं तर लॉग ३.९३ येतो आणि लॅम्डा ०.६०. आता ४.५ ला २.३५७ (गॅमावरून अवस्था-घनता काढायचा गुणक) × १.६० ने भागा: १.१९. तुमचं डीएफटी इथेच येऊन बसतं.

एवढं छान जुळलं की सगळंच सिद्ध झाल्यासारखं वाटतं, म्हणून या आकड्यांना किती लवचीकपणा आहे तेही सांगतो. डिबाय तापमान २०० ऐवजी १८० घेतलं तर लॅम्डा ०.६२ होतो, अवस्था-घनता जवळपास तीच राहते. म्यू-स्टार ०.१३ ऐवजी ०.१० घेतला तर लॅम्डा ०.५४ आणि अवस्था-घनता १.२४. म्हणजे अवस्था-घनता चार-पाच टक्क्यांच्या आत ठाम आहे, पण लॅम्डाचा दुसरा दशांश कोणी अर्थ लावण्यासाठी वापरत असेल तर ते मला मान्य नाही. आणि २.३५७ हा गुणक दोन्ही स्पिन मिळून आहे. काही प्रोग्रॅम एका स्पिनची घनता छापतात, तिथे दुपटीचा घोळ होतो. तसंच गॅमा अणूंच्या एका मोलमागे हवा. तुमच्या मिश्रधातूत एक मोल अणू म्हणजे ८२.९ ग्रॅम.

आता मूळ प्रश्न. "अव्यवस्था चांगली की वाईट" या रूपात त्याला उत्तर नाही. अँडरसनने १९५९ साली दाखवलं की चुंबकीय नसलेल्या अव्यवस्थेने इलेक्ट्रॉन कितीही विखुरले तरी कूपर जोड्या (अतिवाहकता घडवणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या) तेवढ्याने मोडत नाहीत. म्हणजे विखुरणं स्वतः टीसीला फारसं हात लावत नाही. टीसी बदलतं ते अव्यवस्थेमुळे दोन गोष्टी बदलतात म्हणून: फर्मी पातळीवर किती अवस्था आहेत, आणि जाळीची कंपनं किती मऊ आहेत. तेव्हा प्रत्येक पदार्थाला विचारायचं ते हे: स्फटिकाकडे असं काय होतं जे काचेने गमावलं, किंवा काय अडलेलं होतं जे काचेत सुटलं?

निओबियम-३-जर्मेनियमच्या ए-१५ रचनेत निओबियमचे अणू सरळ साखळ्यांत असतात आणि त्यामुळे फर्मी पातळीजवळ अवस्था-घनतेला टोकदार शिखर येतं. ते शिखर हीच त्याची कमाई. साखळ्या मोडल्या की शिखर पसरून सपाट होतं आणि टीसी कोसळतं. न्यूट्रॉनांच्या माऱ्याने ए-१५ संयुगांची हीच गत होते. बिस्मथची गोष्ट उलटी आहे. स्फटिकी बिस्मथ अर्धधातू आहे, वाहक इतके विरळ की साध्या दाबाखाली त्याची अतिवाहकता दिसायला ०.५३ मिलिकेल्विनपर्यंत जावं लागलं. ते काम मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झालं. पण ४ केल्विनच्या आसपास थंड ठेवलेल्या पृष्ठावर बिस्मथची वाफ गोठवली की अस्फटिक फिल्म ६ केल्विनला अतिवाहक होते. बकेल आणि हिल्श यांनी हे १९५४ सालीच दाखवलं होतं. अणूंची मांडणी द्रवासारखी दाट झाली, अर्धधातूचं रूप गेलं आणि सरळसाधा धातू उरला. गॅलियमचंही तसंच: १.०८ केल्विनवरून साडेआठच्या आसपास. या दोन्ही फिल्म्समध्ये कमी वारंवारतेची कंपनं इतकी वाढतात की जोडणी प्रबळ होते. टनेलिंगच्या (पातळ विद्युतरोधक थरातून इलेक्ट्रॉन पलीकडे जाण्याच्या) मोजणीतून ऊर्जा-फट (जोडी मोडायला लागणारी ऊर्जा) आणि टीसी यांचं गुणोत्तर बीसीएसच्या, म्हणजे अतिवाहकतेच्या मूळ सिद्धांताच्या, ३.५३ ऐवजी ४.५ च्या आसपास येतं.

तुमचं झर्कोनियम या दोघांच्या मध्ये आहे. षट्कोनी झर्कोनियममध्ये फर्मी पातळी अवस्था-घनतेच्या दरीत पडते, गॅमा २.८, डिबाय तापमान २९० केल्विन. वरच्याच सूत्राने लॅम्डा ०.४१ आणि अवस्था-घनता ०.८४ निघते. काचेत ती दरी भरून येते. ०.८४ वरून १.१९ ही वाढ सुमारे ४२ टक्के, आणि लॅम्डाची वाढ ४६ टक्के. म्हणजे लॅम्डा जवळजवळ अवस्था-घनतेच्या प्रमाणातच वाढला. इथे थांबून एक शंका घ्यायला हवी. डिबाय तापमान २९० वरून २०० वर आलं आहे, आणि लॅम्डाच्या छेदात वारंवारतेचा वर्ग असतो. मग नुसत्या मऊपणानेच लॅम्डा दुप्पट व्हायला नको का? नाही, कारण विशिष्ट उष्णतेतलं डिबाय तापमान फक्त अगदी तळाची कंपनं पाहतं. काचेत मऊ होतात ती मुख्यतः तळाची. सूत्रात लागते ती सगळ्या वर्णपटावरची सरासरी, आणि ती इतकी खाली येत नाही. म्हणून "डिबाय तापमान घटलं म्हणून टीसी वाढलं" हे वाक्य फक्त या एका आकड्याच्या जोरावर लिहू नका.

या अवस्था नेमक्या कोणाच्या, हे फोटोइलेक्ट्रॉन वर्णपटाने फार स्वच्छ दाखवलं आहे. झर्कोनियम-तांब्याच्या काचेत तांब्याचा डी-पट्टा फर्मी पातळीच्या सुमारे साडेतीन इलेक्ट्रॉन-व्होल्ट खाली उभा असतो आणि फर्मी पातळीवर जवळपास सगळं झर्कोनियमचं ४डी. तांबं फर्मी पातळीवर स्वतःचं काही आणत नाही, फक्त झर्कोनियमची जागा अडवतं. म्हणून तांबं वाढवलं की अवस्था-घनता आणि टीसी दोन्ही उतरतात, आणि ७० टक्क्यांच्या आसपास एका अणुटक्क्याला टीसी साधारण ०.०५ ते ०.१ केल्विन सरकतं. हा उतार लक्षात ठेवा, शेपटाच्या वेळी लागेल. निकेल असेल तर त्याचा पट्टा फर्मी पातळीला बराच जवळ येतो. लोह किंवा कोबाल्ट असेल तर स्पिनांची चढउतारही जोड्या कमजोर करते, आणि मग वरचं साधं सूत्र वापरून काढलेला लॅम्डा खोटा कमी येतो. त्या मिश्रधातूंचे आकडे तांब्याच्या शेजारी थेट मांडू नका.

संक्रमणी धातूंच्या काचांचं एक सर्वसाधारण चित्रही याच तर्कात बसतं. स्फटिकांमध्ये प्रति अणू इलेक्ट्रॉन-संख्येनुसार टीसीला ५ आणि ७ च्या जवळ दोन शिखरं येतात. कॉलव्हर आणि हॅमंड यांनी १९७३ मध्ये अस्फटिक फिल्म्ससाठी दाखवलं की तिथे ६ च्या थोडं पुढे एकच रुंद शिखर असतं. स्फटिकी दऱ्याखोऱ्या पुसल्या गेल्या की डी-पट्ट्याचा ओबडधोबड डोंगर तेवढा उरतो. म्हणून मॉलिब्डेनम, जो स्फटिकात ०.९ केल्विनवर रेंगाळतो, काचेत ७-८ केल्विन देतो. आणि निओबियम ९.२ वरून निम्म्यावर येतो.

मात्र टीसी आणि गॅमा यांच्यावरच सगळा डोलारा उभा करू नका. तिसरा साक्षीदार हवा, आणि धातुकाचांमध्ये तो जवळपास फुकट मिळतो: वरच्या क्रांतिक क्षेत्राचा (ज्या चुंबकीय क्षेत्राला अतिवाहकता पूर्ण मरते त्याचा) टीसीजवळचा उतार. मलिन सीमेत (मुक्त पथ, म्हणजे इलेक्ट्रॉनाच्या दोन टकरींमधलं अंतर, काही अँगस्ट्रॉम असल्यामुळे काच त्या सीमेत असतेच) हा उतार टेस्ला प्रति केल्विनमध्ये ४४८० × गॅमा × रोधकता इतका असतो. गॅमा प्रति घनमीटर घ्यायचा आणि मोजलेला, म्हणजे (१ + लॅम्डा) सकटच. तुमच्या मिश्रधातूचं मोलर आकारमान सुमारे १२ घन सेंटिमीटर, त्यामुळे गॅमा ३७५ ज्यूल प्रति घनमीटर प्रति केल्विन वर्ग. रोधकता १८० मायक्रोओहम-सेंटिमीटर असेल तर उतार ३.० टेस्ला प्रति केल्विन यायला हवा. मोजून २.७ ते ३.३ आला तर मी समाधानी असतो. दोन किंवा चार आला तर गॅमा, रोधकता किंवा सँपल यांपैकी काहीतरी बिघडलेलं आहे.

नव्वद टक्के वेळा बिघडलेली असते ती रोधकता, आणि तिचं मूळ रिबनच्या जाडीत असतं. रिबनची हवेकडची बाजू लाटांसारखी, चाकाकडची बारीक खळग्यांची. मायक्रोमीटर फक्त उंचवट्यांना टेकतो आणि जाडी १०-१५ टक्के जास्त सांगतो. म्हणून जाडी मोजूच नका, वजन करा. ५० मिलिमीटर लांबीचा तुकडा घ्या, दोन्ही टोकं काटकोनात कापा, ०.०१ मिलिग्रॅमपर्यंतच्या तराजूवर ठेवा. घनता ६.९४ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असताना वजन १५.६ मिलिग्रॅम आलं तर सरासरी छेद ०.०४५ चौरस मिलिमीटर. दीड मिलिमीटर रुंदीला हे ३० मायक्रॉन होतात.

आता शेपूट. आधी जोडण्या पाहा. स्पॉट-वेल्डने तारा लावल्या असतील तर प्रत्येक टाक्याभोवतीची काच स्फटिकली आहे असंच धरा आणि त्या काढून टाका. पृष्ठावरचा ऑक्साइड बारीक पॉलिश पेपरने हलकेच खरवडा, चांदीचा पेंट किंवा १२० अंश सेल्सिअसला पिकणारं चांदीचं इपॉक्सी वापरा. व्होल्टेजच्या तारा करंटच्या तारांपासून निदान दोन-तीन मिलिमीटर आत ठेवा. वरच्या छेदाच्या रिबनला एका सेंटिमीटरला ०.४ ओहम रोध असतो. १ मिलिअँपिअरला ०.४ मिलिव्होल्ट मिळतात, ते पुरेसे आहेत, आणि उष्णता ०.४ मायक्रोवॅट. १० मिलिअँपिअरला ती शंभरपट होते.

मग रोध-तापमानाचा तोच वक्र ०.१, ०.३, १ आणि ३ मिलिअँपिअरला काढा. सगळाच वक्र खाली सरकत असेल तर सँपल थर्मामीटरपेक्षा गरम आहे. रिबन ग्रीसने तांब्याच्या ठोकळ्याला नीट चिकटवा, मध्ये सिगारेट-पेपर ठेवा म्हणजे शॉर्ट होणार नाही. फक्त शेपूट लांबत असेल तर मार्गात कुठेतरी कमजोर टीसीचा पट्टा आहे किंवा भोवरे (अतिवाहकात शिरलेल्या चुंबकीय क्षेत्राच्या बारीक नळ्या) सरकताहेत. धातुकाच इतकी एकजिनसी असते की भोवऱ्यांना अडकायला जागाच मिळत नाही, त्यामुळे लहान क्षेत्रातही ते वाहू लागतात. करंटने काहीच फरक पडला नाही तर दोष घटकांच्या वाटपात आहे. मगाशी सांगितलेला, अणुटक्क्यामागे टीसी सरकण्याचा उतार इथे वापरा: शेपटाची रुंदी १०० मिलिकेल्विन म्हणजे एक-दोन अणुटक्क्यांचा फरक. आर्कमध्ये बटण चार-पाच वेळा उलटून वितळवलं होतं का, दर वितळीआधी टायटेनियमचा गेटर वितळवून आर्गॉनमधला ऑक्सिजन शोषून घेतला होता का, हे तपासा. चांगल्या रिबनचं संक्रमण काही दहा मिलिकेल्विनमध्ये संपतं.

एक्स-रेमध्ये फक्त पसरट कुबड दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. तांब्याच्या के-अल्फा एक्स-रेला हे कुबड सुमारे ३७ अंशांवर येतं, पण झर्कोनियममध्ये ते किरण एक-दोन मायक्रॉनच आत पाहतात आणि चार-पाच टक्के बारीक स्फटिक सहज लपतात. दोन्ही बाजूंचे नमुने घ्या. हवेकडची बाजू सावकाश थंड होते, स्फटिक आधी तिथेच उगवतात. सोबत डीएससी (तापवताना सुटणारी-शोषली जाणारी उष्णता मोजणं) करून स्फटिकीकरणाची उष्णता ताज्या, जलद थंड झालेल्या रिबनशी ताडा. तुम्ही पुढे ऱ्होडियमच्या काचेकडे गेलात तर हे जास्तच महत्त्वाचं: स्फटिकी झर्कोनियम-२-ऱ्होडियमचं टीसी ११ केल्विन आहे, आणि त्याचा चिमूटभर अंश रोधाच्या ग्राफला काचेच्या कितीतरी आधी खाली ओढतो.

चुंबकीय प्रवणता (सँपल क्षेत्राला किती प्रतिसाद देतं ते) मोजत असाल तर रिबन क्षेत्राला समांतर ठेवा. आडवी ठेवली तर रुंदी-जाडीच्या ५० च्या गुणोत्तरामुळे कडेला क्षेत्र कित्येक पटींनी वाढतं. या काचेचं खालचं क्रांतिक क्षेत्र (ज्याच्या वर क्षेत्र आत शिरू लागतं ते) शून्य तापमानाला जेमतेम १ मिलिटेस्ला आहे आणि टीसीजवळ ते शून्याकडे जातं. आडव्या रिबनच्या कडेला पृथ्वीचं ०.०५ मिलिटेस्लाही पुरेसं होतं, आणि तुम्हाला उगाचच पसरलेलं संक्रमण दिसतं. बरं, पूर्ण प्रतिचुंबकत्व दिसलं तरी ते वरच्या सालीचंही असू शकतं. पूर्ण सँपल अतिवाहक आहे हे सांगते ती विशिष्ट उष्णतेची उडी. गॅमा ४.५ असेल तर सी भागिले टी या राशीत बीसीएसप्रमाणे ६.४ मिलिज्यूलची उडी हवी. ५ आली तर पाचवा हिस्सा कुठे गेला ते शोधा.

गॅमा काढताना एक सवय ठेवा: ७ टेस्लाचं क्षेत्र लावून अतिवाहकता दाबा आणि सामान्य अवस्थेतच शक्य तितकं खाली जा. ४.३ केल्विनलाच फोनॉनांचा वाटा इलेक्ट्रॉनांइतका होतो, आणि ५-६ केल्विनच्या वर काचेच्या कंपनांची उष्णता तापमानाच्या घनाच्या प्रमाणात राहत नाही. तिथून सरळ रेषा ओढत आणलीत तर गॅमा आणि डिबाय तापमान दोन्ही बिघडतात, आणि बिघडतात तेही परस्परांना सावरून घेत, त्यामुळे फिट दिसायला देखणंच राहतं.

डीएफटीबद्दल थोडंच. २०० अणूंची एकच पेटी (संगणकातला नमुना) पुरेशी नाही. वेगवेगळ्या वितळींतून निदान चार-पाच पेट्या थंड करा, घनता मोजलेल्या घनतेशी जुळवा, अवस्था-घनता ०.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टने पसरवा आणि सरासरी घ्या. संगणकातला थंड होण्याचा वेग चाकावरच्या वेगाच्या लाखो पट असतो, म्हणजे तुमची पेटी रिबनपेक्षाही कमी शिथिल (अणू कमी स्थिरावलेली) काच आहे.

आणि शिथिलतेचाच एक प्रयोग जरूर करा, कारण त्यात मिश्रण तेच राहून फक्त अणूंची मांडणी बदलते. एकाच रिबनचे लागून कापलेले तुकडे घ्या. काही तसेच ठेवा, काही झर्कोनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून निर्वात काचनळीत सील करा आणि २०० अंश सेल्सिअसला काही तास तापवा. स्फटिकीकरण याच्या बरंच वर आहे. टीसी काही दशांश केल्विनने उतरेल, एक्स-रेमधलं कुबड तसंच राहील. मग दोन्ही तुकड्यांचा गॅमा, डिबाय तापमान आणि क्षेत्राचा उतार एकाच सेटअपवर, पाठोपाठ मोजा. टीसी उतरूनही गॅमा जागच्या जागी राहिला आणि डिबाय तापमान चढलं, तर तळाची कंपनं ताठ झाली हे नक्की, आणि टीसीच्या घटीचा पहिला संशय त्यांच्यावर. गॅमाही घटला तर आधी त्यातली (१ + लॅम्डा) ची घट वजा करा. त्यानंतरही काही उरलं तरच ते अवस्था-घनतेच्या खात्यात टाका.